पाहुण्यांनी यजमानांना जेवायला न्यायचं तर…

प्रश्न : आम्ही दोघं न्यू जर्सीत पुतणीकडे महिनाभर राहिलोय. तिने एक डॉलर खर्च करू दिला नाही. न्यूयॉर्क बघायला जाऊ त्या दिवशी व्याही-विहीण धरून आठ जणांना जेवण आमच्याकडून. ‘फॅमिली स्टाइल’ इटालियन हॉटेल सुचवलंय कुणी. तिथे मागवायचं कसं?

माणशी एक डिश हा हिशेब आधी डोक्यातून काढा. इथे पास्ता परातीएवढ्या ताटात येतो, टेबलाच्या मधोमध ठेवला जातो आणि ज्याने त्याने वाढून घ्यायचा. वाढपी नसतो, त्यामुळे आग्रहाचं खातं तुमच्याकडे. न्यूयॉर्कमध्ये या पद्धतीचं ठळक नाव म्हणजे कार्माइन्स. १९९० साली अपर वेस्ट साइड या भागात सुरू झालं, टाइम्स स्क्वेअरजवळही आहे. अशा ठिकाणी एक पदार्थ तिघा-चौघांना सहज होतो. आठ जणांना एक सॅलड, दोन पास्ता आणि एखादा चिकनचा किंवा वांग्याचा मोठा पदार्थ, एवढ्यावर पहिली फेरी थांबवा. पाहुण्यांसमोर कमी दिसेल या धास्तीने आठ डिश सांगणारे काका मी पाहिलेत. सगळी ताटं आली तेव्हा टेबलावर पाण्याचे पेले ठेवायलाही जागा नव्हती.

टाइम्स स्क्वेअरची शाखा घेणार असाल तर जागा आधी राखून ठेवा. संध्याकाळी नाटकाला जाणाऱ्यांची तिथे झुंबड असते.

प्रश्न : विहीणबाई शुद्ध शाकाहारी, अंडंही चालत नाही. इटालियनमध्ये त्यांचं काय?

पास्ता म्हणजे शाकाहारी, ही आपली गोड समजूत. ताज्या पास्त्यात बहुधा अंडं असतं. सुका स्पॅगेटी किंवा पेन्ने सहसा नुसता रवा आणि पाण्याचा, म्हणून तोच मागा. मारिनारा हे नाव समुद्राचं असलं तरी तो टोमॅटो-लसणाचा सॉस आहे, खुशाल घ्या. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये मात्र अँकोव्ही नावाचे छोटे मासे असतात, आणि भाज्यांचं म्हणून मागवलेलं मिनेस्त्रोनी सूप कोंबडीच्या किंवा मांसाच्या पाण्यात शिजलेलं असू शकतं. रिसोत्तो या इटालियन भाताचंही तेच. वांग्याच्या पार्मिजानाला तळण्याआधी अनेक ठिकाणी अंड्यात बुडवतात. तिरामिसूत अंडं असतंच, कधी दारूही. पाना कोट्टा या सायीच्या गोडात जिलेटिन, तेही जनावरापासूनच काढलेलं.

चीज हा अवघड विषय. अस्सल पार्मिजानो रेज्जानो वासराच्या पोटातल्या रेनेट नावाच्या पाचकद्रव्याने विरजतात. काही शाकाहारी माणसं ते चालवून घेतात, काही नाही. विहीणबाईंना हे टेबलावर सांगू नका, आदल्या दिवशी पुतणीकडून विचारून घ्या. वेटरला नुसतं ‘व्हेज’ म्हणून भागत नाही. मांस, मासे, अंडं, मांसाचं पाणी, एकेकाचं नाव घेऊन विचारायचं.

प्रश्न : जावई बिलावर हात ठेवणार, नक्की. आणि टिप किती?

हात धुवायला म्हणून उठा आणि बिल येण्याआधीच वेटरच्या हातात कार्ड द्या. टेबलावरची ओढाताण आपल्याला प्रेमाची वाटते, पण शेजारच्या टेबलाला भांडण वाटतं.

हिशेब असा : जेवण २०० डॉलरचं झालं, तर न्यूयॉर्क शहराचा विक्रीकर ८.८७५ टक्के, म्हणजे १७.७५. टिप १८ ते २० टक्के धरतात. ती मूळ रकमेवर काढली तरी चालते, म्हणजे फार तर ४०. एकूण २५७.७५. मोठ्या गटाला टिप बिलातच लावून ठेवायची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणून बिलावर ‘ग्रॅच्युइटी’ची, म्हणजे टिपचीच, ओळ बघा, नाहीतर दोनदा द्याल. कागदी पावतीवर टिप तुम्ही हाताने लिहिता आणि कार्डावरची रक्कम नंतर वाढते. ओटीपी आला नाही म्हणून घाबरू नका. भारतीय कार्डावर परदेशी व्यवहार मात्र जेवायला निघण्याआधीच बँकेच्या अ‍ॅपमधून चालू करून घ्या.

प्रश्न : पुढच्या वर्षी रोमला जातोय. तिथेही असंच मागवायचं?

नाही. परातीतला पास्ता आणि मीटबॉल्स घातलेलं स्पॅगेटी हा इटलीतून अमेरिकेत गेलेल्यांचा संसार. रोममध्ये पास्ता माणशी येतो आणि मटण-मासळी त्यानंतर वेगळ्या ताटात.

प्रश्न : उरलेलं बांधून मागायला लाज वाटते.

अमेरिकेत सगळेच नेतात, वेटर स्वतःहून डबा आणून देतो. वांग्याचं पार्मिजाना तर दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेलं लागतं.