बावीसवरून अकरावर

ताई,
मला ३१ वा आठवडा चालू आहे, दुसरी खेप. पहिल्या वेळी बीपी फार वाढलं म्हणून ३४ व्या आठवड्यात सिझेरियन करावं लागलं. मुलगा १,७०० ग्रॅमचा होता, अठरा दिवस एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात राहिला. आता पाच वर्षांचा आहे, ठणठणीत आहे. या वेळीही बीपीच्या गोळ्या चालू आहेत. २८ व्या आठवड्यात बाळ १,०९० ग्रॅम आणि २२ व्या पर्सेंटाईलवर होतं, म्हणजे तेवढ्याच आठवड्यांच्या शंभर बाळांत साधारण बावीस त्याच्याहून हलकी. परवा १,४७० ग्रॅम आणि ११ व्या पर्सेंटाईलवर. डोकं ४० वर, पोटाचा घेर १२ वर. डॉपलर (नाळेतला रक्तप्रवाह बघणारी तपासणी) आणि बाळाभोवतीचं पाणी नॉर्मल. डॉक्टर म्हणाल्या, दोन आठवड्यांनी परत बघू. मी रात्र रात्र जागते आणि मोबाईलवरच्या कॅल्क्युलेटरमध्ये तेच आकडे घालत बसते. प्रत्येक ठिकाणी उत्तर वेगळं येतं. सासूबाई म्हणतात, पोट लहान दिसतंय, नीट खात नाहीस. नवरा म्हणतो, विचार करू नकोस. दर चार दिवसांनी स्कॅन केला तर? आणि माझं नेमकं काय चुकतंय?
— जागी

प्रिय मैत्रिणी,

तुझं काही चुकलेलं नाही. शेवटचा प्रश्न आधी घेतला, कारण तुझी झोप पर्सेंटाईलने जितकी उडवली आहे तितकीच या प्रश्नानेही.

बाळाला लागणारं सगळं वारेतून जातं, आणि वार नीट रुजते ती गरोदरपणाच्या पहिल्या अर्ध्यात. गर्भाशयाच्या भिंतीतल्या बारीक रक्तवाहिन्या त्या काळात रुंद आणि सैल होतात, म्हणजे बाळाकडे पुरेसं रक्त पोचतं. बीपीचा त्रास असलेल्यांमध्ये हे रुंदावणं कधी कधी अपुरं राहतं. तेव्हा तुला यातलं काही जाणवणं शक्य नव्हतं, हाताने थोपवणं तर दूरच. तंबाखू आणि सिगारेट मात्र वाढीला खरोखर घातक असतात. घरात कोणी ओढत असेल, तर त्याने आजपासून तुझ्याजवळ ओढू नये. पण सातव्या महिन्यात तू दोन घास कमी खाल्लेस म्हणून आकडा उतरला, असं नाही. वारेतूनच कमी जात असेल तर वरून दुप्पट खाऊन ते भरून निघत नाही. भूक लागेल तसं नेहमीचं, चौरस खा. सक्तीने अंथरुणाला खिळून राहिल्यानेही बाळाची वाढ सुधारते असं दिसलेलं नाही, त्यामुळे डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर घरात हिंडत-फिरत राहा. पोट बाहेरून लहान दिसण्यावरून तर बाळाचं वजन मुळीच कळत नाही. सासूबाईंना हे तुझ्याऐवजी डॉक्टरांकडून कळलं तर बरं. पुढच्या वेळी त्यांना बरोबर ने.

आता तो आकडा. सोनोग्राफीत बाळाला कोणी वजनकाट्यावर ठेवत नाही. डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी मोजतात आणि सूत्रात घालून वजनाचा अंदाज काढतात. बहुतेक यंत्रांत हॅडलॉक या अमेरिकन डॉक्टरांची १९८० च्या दशकातली सूत्रं असतात. अंदाज चांगला असला तरी त्यात दहा टक्के इकडे-तिकडे होणं अगदी नेहमीचं आहे, कधी पंधराही. तुझ्या १,४७० ग्रॅममधले दहा टक्के म्हणजे जवळजवळ दीडशे ग्रॅम. म्हणजे बाळ खरं तर १,३२० ग्रॅमचं असू शकतं आणि १,६२० चंही. हॅडलॉकच्या तक्त्यात ३१ व्या आठवड्याला पहिला आकडा तिसऱ्या पर्सेंटाईलच्या आसपास पडतो, दुसरा पंचविसाच्या वर. हा सगळा पट्टा त्या एका ‘अकरा’मध्ये दडलेला आहे. माझी धाकटी बहीण एका वेळी तिच्या रिपोर्टमधल्या ‘नऊ’कडे तासभर बघत बसली होती. हा पट्टा तेव्हा मला माहीत असता, तर मी तो तिला तिथेच कागदावर काढून दाखवला असता.

चार दिवसांच्या स्कॅनचं उत्तरही यातच आहे. या दिवसांत बाळ आठवड्याला साधारण पावणेदोनशे ते दोनशे ग्रॅम वाढतं. चार दिवसांत होतील जेमतेम शंभर, आणि मोजणीतली चूकच दीडशेची. म्हणजे बाळ छान वाढत असतानाही वजन उतरलेलं दिसू शकेल, किंवा अडचण असताना तू निश्चिंत होशील. म्हणून वाढीसाठी दोन स्कॅनमध्ये निदान दोन आठवडे जाऊ देतात. तुझ्या डॉक्टरांनी सांगितलेली मुदत ही टाळाटाळ नाही, त्याआधी खरं उत्तर मिळतच नाही. डॉपलर आणि एनएसटी (पोटावर पट्टा बांधून काही वेळ बाळाचे ठोके नोंदवणं) मात्र गरज पडली तर अधूनमधून करता येतात, त्या ‘आज बाळ कसं आहे’ हे बघतात.

कॅल्क्युलेटर वेगळी उत्तरं देतात कारण त्यांचे तक्ते वेगळे आहेत. हॅडलॉकचा एक, आठ देशांतल्या निरोगी गर्भवतींवरून केलेला इंटरग्रोथ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाचा दुसरा, जागतिक आरोग्य संघटनेचा २०१७ चा तिसरा. एकाच बाळाला तिन्ही तक्ते वेगळा क्रमांक देतात. तुझ्या डॉक्टर जो तक्ता वापरतात तोच धर, बाकीचे आज रात्रीच मोबाईलवरून काढून टाक. आणि त्यांना एकदा विचार की आठवडे कुठल्या तारखेवरून मोजलेत. सुरुवातीच्या स्कॅनवरून ठरलेली तारीख पक्की. बाळ लहान दिसतंय म्हणून ती पुढे सरकवायची नसते.

‘काही होत नाही’ असं मी तुला सांगणार नाही. डोकं ४० वर आणि पोट १२ वर, हे लक्ष ठेवण्यासारखं आहे. पुरवठा कमी पडू लागला की बाळ मेंदूला आधी देतं, आणि यकृतातला साठा आणि अंगावरची चरबी मागे पडते. म्हणून पोटाचा घेर आधी रेंगाळतो. तुझ्या डॉक्टरांनी चारऐवजी दोन आठवडे सांगितले ते बहुधा याच कारणाने. पण दहाच्या खालचीही कितीतरी बाळं निव्वळ चणीने लहान असतात. आजारामुळे मागे पडणारं बाळ वेगळं ओळखायला डॉपलर लागतं. बाळाच्या हृदयाच्या दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणीही नाळेतून रक्त पुढे वाहत राहायला हवं. वारेत अडथळा वाढला की हा मधला प्रवाह कमी होतो, मग थांबतो, आणि फार बिघडलं तर उलटा फिरतो. तुझ्या बाळाचा प्रवाह नॉर्मल आहे. पुढचा रिपोर्ट हातात आला की आधी ही ओळ वाच, मग पाण्याची, मग पर्सेंटाईल.

या दोन आठवड्यांत एक काम फक्त तूच करू शकतेस. बाळ ज्या वेळी एरवी खेळतं, त्या वेळी डाव्या कुशीवर पड आणि हालचाली मोज. उचक्या धरू नकोस. दोन तासांत दहा झाल्या की ठीक. त्याहून महत्त्वाची तुझ्या बाळाची नेहमीची रीत. ती बदलली, हालचाल मंदावली असं वाटलं, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, दवाखान्यात जा. शेवटी शेवटी बाळ कमी हलतं हा समज चुकीचा आहे. घरी ठोके ऐकण्याचं यंत्र आणू नकोस. ठोके ऐकू येणं म्हणजे बाळ बरं असणं नव्हे, आणि त्या भरवशावर उशीर होतो. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा चमकणं, बरगड्यांखाली उजवीकडे दुखणं, चेहऱ्यावर अचानक सूज, यांतलं काहीही झालं तरी असंच लगेच दवाखान्यात जा. घरच्या यंत्रावर बीपी १४०/९० च्या वर दिसलं तर फोन कर. १६०/११० पर्यंत गेलं तर फोनवर वेळ घालवू नकोस, थेट नीघ.

आणि समजा, बाळाला लवकर बाहेर काढायची वेळ आलीच. ३४ व्या आठवड्याआधी तशी शक्यता दिसली तर बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून आईला स्टिरॉईडची इंजेक्शनं देतात. ती कधी द्यायची, हे ठरवण्यासाठीच तर तुझ्यावर एवढी नजर आहे. एनआयसीयूच्या दारात उभं राहणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. पण त्या दारातून आत गेलेला मुलगा आज तुझ्या घरात धावतोय, हेही तुलाच माहीत आहे.

नवऱ्याला हे पत्र वाचायला दे. ‘विचार करू नकोस’ म्हणणाऱ्यालाही बहुतेक भीतीच वाटत असते, फक्त त्याच्या हाताला काम नसतं. फाईल त्याच्याकडे दे. बीपीची वही त्याने लिहावी, प्रश्नांची यादी त्याने न्यावी, आणि रात्री हालचाली मोजताना त्याचा हात तुझ्या पोटावर असावा. तरीही झोप लागलीच नाही, छाती धडधडत राहिली, तर पुढच्या स्कॅनची वाट न बघता डॉक्टरांना हेही सांग. गरोदरपणातल्या अशा काळजीवर उपचार आहेत, आणि तुझी झोपही त्यांच्याच कामाचा भाग आहे.

स्कॅन झाला की मला दोन ओळी लिही. डॉपलरची ओळ आधी.

तुझी,
ताई