साडी नेसलेल्या पुरुषाला बघून आपण हसतो ते नेमकं कशाला?

वाचकांचे प्रश्न : उत्तरं देताहेत सांगलीच्या एक रंगभूषाकार

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. यंदा कॉलेजच्या गॅदरिंगला त्यानं आजीचं लुगडं नेसून लावणी केली. लुगडं त्याचं त्यानंच नेसलं, मला हातही लावू दिला नाही. टाळ्या पडल्या, बक्षीस मिळालं. मग कुणीतरी त्याचा व्हिडिओ भावकीच्या ग्रुपवर टाकला आणि तेव्हापासून धाकटे दीर त्याला 'नाच्या' म्हणूनच हाक मारतात. हेच दीर टीव्हीवर पुरुष साडी नेसून आला की पोट धरून हसतात. मुलगा रात्री मोबाइलवर परदेशातल्या 'ड्रॅग क्वीन' लोकांचा कार्यक्रम बघत बसतो. त्याच्या डोक्यात हे टीव्हीनं भरवलं का? मी काय करू?
एक आई, तासगाव

उत्तर : ताई, 'मला हातही लावू दिला नाही' ही ओळ मी परत परत वाचली. पुढच्या निऱ्या, मागचा काष्टा, आणि लावणीभर नाचताना त्यातलं काही हलू न देणं, हे एकोणीस वर्षांच्या पोराला एका रात्रीत जमत नाही. आज लग्नाकार्यात बहुतेक जणी शिवलेली नऊवारी चढवून मोकळ्या होतात. तुमच्या मुलानं दार लावून किती दिवस सराव केला असेल, याचा मला चांगला अंदाज आहे.

चाळीस वर्षं मी सांगलीत नाटकवाल्यांची रंगभूषा करते आहे. आधी वडील करायचे. गावभागातल्या आमच्या घरात दांडीवर कपड्यांबरोबर टोप वाळत असायचे. पंधरा-सोळा वर्षांची असताना मी वडिलांची पेटी धरायला जायची. हौशी संगीत नाटकात स्त्रीपार्ट करणारे एक गृहस्थ होते, साखर कारखान्यात कारकून. पडदा रात्री नऊला असला की ते दुपारी तीनला येऊन बसायचे. वडील आधी त्यांचे हात घ्यायचे. 'चेहरा काय, लांबून कसाही दिसतो. लोक हात बघतात,' म्हणायचे. मनगटावरचे केस काढून कोपरापर्यंत रंग, मग बांगड्या, मग तोंड. नथ सगळ्यात शेवटी. नथ घातली की त्या गृहस्थांची तंबाखू बंद, मोठ्यानं बोलणं बंद. मी त्यांना एरवी 'काका' म्हणायची. नथ घातल्यावर मात्र माझ्या तोंडून 'काका' निघायचं नाही.

आता दुसरा प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका विनोदी कार्यक्रमाच्या चित्रीकरणाला मला बोलावलं होतं. एका तरुण नटाला बाई करायचं होतं. मी माझ्या पद्धतीनं दाढी झाकली, भुवया बसवल्या, साडी चापून नेसवली. पोरगा सुरेख दिसायला लागला. दिग्दर्शक आला, बघितलं आणि म्हणाला, 'ताई, एवढं चांगलं नको. दाढीचं निळं दिसू दे. पदर सुटला पाहिजे, आतले चेंडू हलले पाहिजेत.' मी माझ्या बोटानं त्या पोराची लाली ओठांबाहेर फासली. तो आरशात बघत होता, एक शब्द बोलला नाही. सेटवर हशा पिकला. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला काम वाईट करण्याचे पैसे मिळाले होते.

ताई, तुमचे दीर हसतात ते त्या सुटलेल्या पदराला. बाईसारखं होणं म्हणजे घसरणं, लाडात येणं, अंगानं ओघळणं, हा तो विनोद आहे. तो पुरुषावर नाही, आपल्यावर आहे, बायकांवर. तुमच्या मुलाचा पदर सुटलाच नाही. हसायला जागा उरली नाही, म्हणून त्यांना शिवी शोधावी लागली.

आणखी एक बघा. 'अशी ही बनवाबनवी' (१९८८) मला पाठ आहे आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती आली की मी आजही मनापासून हसते. पण पार्वती साडी का नेसते? पुण्यात राहायला जागा मिळत नाही म्हणून. 'चाची ४२०' (१९९७) मध्ये बापाला मुलीजवळ राहायचंय. ज्यावरून ती कल्पना आली त्या 'मिसेस डाउटफायर' (१९९३) मध्येही तेच. 'टूट्सी' (१९८२) मधल्या नटाला काम मिळत नाही. 'सम लाइक इट हॉट' (१९५९) मधले दोन वादक गुंडांपासून जीव वाचवायला बायका होतात. मुंबई असो की हॉलिवूड, सगळीकडे पुरुषाला साडी नेसायला एक अडचण लागते. अडचण संपली की साडी उतरते आणि प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. ज्याला काही अडचण नाही, ज्याला नेसावीशी वाटते, त्याला या गोष्टींत जागाच नाही.

त्याला जागा मिळते ती तमाशापटातल्या नाच्याची. कोल्हापूरच्या गणपत पाटलांनी तो नाच्या इतका हुबेहूब वठवला की लोकांनी तो त्यांच्या खऱ्या आयुष्यालाही चिकटवला. संसारी माणूस, पण टोमण्यांनी पाठ सोडली नाही. नाही तर मग भीती. 'सडक' (१९९१) मधली सदाशिव अमरापूरकरांची महाराणी बघून माझी धाकटी बहीण कित्येक दिवस अंधारात जायला घाबरायची. काम जबरदस्त होतं, पण एका पिढीनं तृतीयपंथी माणूस पहिल्यांदा बघितला तो असा. आपल्याकडे किंमत दाखवणारा सिनेमा म्हणजे 'नटरंग' (२०१०). फडाला नाच्या हवा म्हणून त्यातला नायक गुणा कमावलेलं पैलवानी शरीर उतरवतो, कला मिळवतो आणि घर गमावतो. गावानं त्याचं जे केलं ते बघवत नाही, आणि बघायलाच पाहिजे.

ड्रॅग क्वीन म्हणजे काय, हे तुम्हाला सोपं करून सांगते. रंगमंचासाठी बाईचं रूप उभं करणारा कलावंत, बहुतेक वेळा पुरुष. तो बाई 'खरी वाटावी' म्हणून खपत नाही, मुद्दाम वाढवून दाखवतो. भुवया कपाळापर्यंत, पापण्या पंख्याएवढ्या, नावही नवं. तुमचा मुलगा बघतो तो कार्यक्रम बहुधा अमेरिकेतल्या रूपॉल यांचा असेल, २००९ साली सुरू झालेला. त्यात स्पर्धक स्वतः कपडे शिवतात, नकला करतात, गाण्यावर ओठ हलवत नाचतात. मला त्यातली भांडणं आवडत नाहीत, ती चवीनं दाखवतात. सगळ्यांचे चेहरेही एकाच साच्यातून काढल्यासारखे रंगवलेले असतात. पण एक गोष्ट तिथे बघितली, ती आपल्या विनोदी कार्यक्रमांत कधी दिसली नाही : आरशासमोर बसलेली, अर्धा रंग लावलेली माणसं, आपल्या घराबद्दल, आईबापांबद्दल बोलताना. तुमचा मुलगा रात्री तेच बघत असणार. आपल्याकडेही २०१८ साली झी टीव्हीच्या 'सा रे ग म प'मध्ये सुशांत दिवगीकर राणी कोहेनूर होऊन उभे राहिले आणि बाईच्या व पुरुषाच्या, दोन्ही आवाजांत गायले. तिथे गाणं ऐकायला थांबावं लागलं.

एक प्रश्न तुम्ही लिहिला नाहीत, तरी तो पत्रात जाणवतो. लावणीवरून ते कळत नाही, ताई. ड्रॅग करणारे पुष्कळ जण समलिंगी असतात, काही नसतात. तृतीयपंथी असणं आणखी वेगळं, ते रंग धुतल्यावर उतरत नाही. यल्लम्माला वाहिलेला जोगता वेगळा. सिनेमानं सगळ्यांना एका माळेत ओवलं, म्हणून आपलाही गोंधळ होतो. मुलगा सांगेल तेव्हा ऐका. समलिंगी असला तरी ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो गुन्हा राहू दिला नाही, घरानं कशाला ठेवायचा?

टीव्ही कुणाच्या डोक्यात काही भरवत असेल तर ते तुमच्या दिरांच्या. मुलाच्या अंगात नाच होताच.

काय करायचं म्हणता, तर तो व्हिडिओ सासूबाईंना दाखवा. लुगडं त्यांचं आहे. काष्टा बरोबर बसला का, हे घरात त्यांच्याइतकं कुणाला कळणार? त्यांचं मत दिरांसमोरच विचारा. आणि एक रात्र मुलाशेजारी बसून तो कार्यक्रम बघा.

प्रश्न : मागच्या अंकात तुम्ही बालगंधर्व आणि ड्रॅग क्वीन ही नावं एका दमात घेतलीत. नारायणराव हे आमचं दैवत. त्यांची साधना कुठे आणि हा बाजार कुठे? हे वाचून वाईट वाटलं.
एक निवृत्त शिक्षक, मिरज

उत्तर : काका, तुम्हाला वाईट वाटलं याचं मलाही वाईट वाटतं. नारायणरावांचं नागठाणे आमच्याच जिल्ह्यातलं, आणि शकुंतलेच्या भूमिकेत ते पहिल्यांदा उभे राहिले ते तुमच्या मिरजेत. आमच्या घरी त्यांचा रुक्मिणीच्या वेशातला फोटो देवांच्या शेजारी होता. मी ते नाव हलकं करायला घेतलं नव्हतं.

फरक आहे, आणि मोठा आहे. नारायणरावांनी कुलीन स्त्रीचा आदर्श उभा केला, वाढवून दाखवला नाही. त्यांची नथ, त्यांचा पदर बघून घरोघरच्या बायका नेसायला शिकल्या. गाणं तर वेगळंच. पण बाजार म्हणाल, तर तिकीट तेव्हाही होतंच, आणि १९२१ साली गायकनट केशवराव भोसल्यांबरोबर झालेल्या संयुक्त 'मानापमान'च्या तिकिटांचा पैसा टिळक स्वराज्य फंडाला गेला. पैशानं कला बाटत नाही.

नारायणराव जन्मले २६ जून १८८८ ला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये अमेरिकेत वॉशिंग्टन शहरात विल्यम डॉर्सी स्वॉन यांच्या मैफलीवर पोलिसांची धाड पडली. स्वॉन गुलामगिरीत जन्मलेले कृष्णवर्णीय गृहस्थ. मित्रांना जमवून, रेशमी झगे घालून नाचाच्या मैफली करायचे आणि स्वतःला 'क्वीन ऑफ ड्रॅग' म्हणवायचे. त्या रात्री त्यांना अटक झाली. एकाच सालात तिकडे साडीसारखा झगा नेसणारा पकडला जातो आणि इकडे ज्याला पुढे लोकमान्य टिळक 'बालगंधर्व' म्हणाले असा मुलगा जन्माला येतो. वेश तोच, काका, बघणारे वेगळे.

आपले बघणारे चांगले का होते, तेही बघू. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं, त्यात सीता पुरुषच होता, कारण बाईला तिथे उभंच राहू दिलं नसतं. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये (१९१३) तारामती अण्णा साळुंके झाले. त्याच साळुंक्यांनी 'लंका दहन'मध्ये (१९१७) राम आणि सीता दोघंही केले. तेव्हा कुणी पोट धरून हसलं नाही. १९३३ च्या 'आंधळ्यांची शाळा' नाटकापासून बायकांची कामं बायकांनीच करणं रुळत गेलं, ते होणं गरजेचंच होतं. १९३७ मध्ये नारायणराव पडद्यावर मीराबाई झाले, पण कॅमेरा इतका जवळ आल्यावर ती जादू टिकली नाही. माझ्या मते तिथून पुढे साडी नेसलेल्या पुरुषाला गंभीर काम उरलं नाही. उरला तो विनोद. ज्या गावानं 'मानापमान'च्या भामिनीवर जीव टाकला, त्याच गावातल्या पोराला आज 'नाच्या' म्हणून हिणवतात, हे मला सहन होत नाही. म्हणून ती दोन नावं मी जवळ आणली, आणि पुन्हाही आणीन.

प्रश्न : आम्ही मुलं मिळून एक एकांकिका करतोय. मला आईची भूमिका आहे, विनोदी नाही. कितीही रंग लावला तरी दाढीची निळसर झाक दिसते. काय करू?
एक विद्यार्थी, कराड

उत्तर : बाळा, 'विनोदी नाही' हे लिहिलंस, फार बरं केलंस.

दाढी प्रयोगाच्या सकाळी कर, ऐनवेळी नको, त्वचा लाल होते आणि रंग झोंबतो. केसांच्या दिशेनंच वस्तरा फिरव. नंतर थंड पाणी. रंगाआधी फक्त दाढीच्या भागावर केशरी छटेचा पातळ थर दे. निळ्याला केशरी मारतो, पांढरा मारत नाही. लोक नुसता गोरा रंग थापत जातात आणि तोंड राखाडी होतं. केशरी थर घासायचा नाही, ओल्या स्पंजनं थोपटायचा. वर पावडर, पाच मिनिटं थांब, मग चेहऱ्याचा नेहमीचा रंग, परत पावडर. सगळं एकदा प्रयोगाच्या दिव्याखाली करून बघ, घरच्या ट्यूबलाइटखाली नाही. घाम आला तर पुसू नकोस, टिपून घे.

भुवया जाड असतील तर कागद चिकटवायच्या डिंकाच्या कांडीनं दाबून बसव, वरून पावडर मार, मग नवी बारीक भुवई काढ. आई वयानं केवढी आहे ते ठरव आणि त्या वयाच्या बाईच्या भुवया एसटी स्टँडवर नीट बघून ये.

हातांना रंग लावायला विसरू नकोस. कोपरापर्यंत.