वाचक विचारतात : दिल्ली राजधानी कशी झाली, आणि तिथं मराठ्यांचं काय उरलंय?

या वेळी दिल्लीबद्दलचेच प्रश्न जास्त आलेत म्हणून सगळे एकत्र घेतलेत.

प्रश्न : इंग्रजांची राजधानी कलकत्ता होती, मग दिल्लीला का हलवली? आणि नवी दिल्ली सगळी इंग्रज वास्तुकार लुटियन्सनेच बांधली का?

घोषणा झाली १२ डिसेंबर १९११ ला दिल्ली दरबारात, पंचम जॉर्ज स्वतः आलेला, आणि बेत इतका गुप्त ठेवला होता की दरबारात बसलेल्या बहुतेकांना तो तिथंच कळला. १९०५ च्या बंगालच्या फाळणीनंतर कलकत्त्यातलं आंदोलन काही थांबेना, मग फाळणी रद्द करायची पण सरकारही तिथून हलवायचं असं ठरलं, दोन्ही घोषणा एकाच दरबारात झाल्या. शिवाय दिल्लीला रेल्वे चारी बाजूंनी येते, उन्हाळी राजधानी शिमला जवळ, आणि मुघलांच्या गादीचा दबदबा लोकांच्या मनात होताच, तो इंग्रजांना आयता हवा होता. पण शहराने काही त्यांचं निमूटपणे स्वागत केलं नाही, २३ डिसेंबर १९१२ ला व्हाइसरॉय हार्डिंग हत्तीवरून मिरवत नव्या राजधानीत शिरत होता तेव्हा चांदनी चौकातच त्याच्यावर बॉम्ब पडला, तो जखमी होऊन वाचला.

कोनशिला आधी उत्तरेला दरबाराच्या मैदानाजवळ बसवल्या होत्या, मग ती जागा अपुरी आणि पाणी साचणारी ठरली म्हणून उचलून रायसीना टेकडीवर आणल्या. आता लुटियन्सचं. व्हाइसरॉय हाऊस म्हणजे आजचं राष्ट्रपती भवन (३४० खोल्या) आणि इंडिया गेट ही त्याची कामं, पण नॉर्थ ब्लॉक, साऊथ ब्लॉक आणि जुनं गोल संसद भवन हर्बर्ट बेकरचं, आणि कनॉट प्लेस रॉबर्ट टोर रसेलचं. लुटियन्स आणि बेकर यांचं तर रस्त्याच्या चढावरून कायमचं बिनसलं. विजय चौकातून वर बघा, राष्ट्रपती भवनाची दर्शनी बाजू चढामागे लपते आणि घुमटच काय तो दिसत राहतो, लुटियन्सला ते शेवटपर्यंत खुपलं. मध्ये महायुद्ध आलं, काम वीस वर्षं रेंगाळलं, फेब्रुवारी १९३१ मध्ये उद्घाटन झालं आणि सोळा वर्षांत इंग्रज गेलेसुद्धा.

मला या सगळ्यात राहून राहून वाटतं ते रायसीना आणि मालचा गावच्या लोकांचं. १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली त्यांच्या जमिनी घेतल्या, पिढ्यान्‌पिढ्या कसणारे लोक उठले, काही कुटुंबं आजच्या हरियाणात सोनीपतकडे गेली. आज मालचा हे नाव चाणक्यपुरीत दूतावासांच्या वस्तीतल्या एका रस्त्याला आहे. वास्तुकारांची नावं पाठ असतात सगळ्यांना, या गावांचीही असावीत.

प्रश्न : मराठ्यांनी दिल्ली घेतली असं शाळेत शिकलो, पण तिथं गेल्यावर बघण्यासारखं काही आहे का?

आहे, पण पाटी वाचून सापडेल असं कमी, थोडं माहिती करून जावं लागतं.

आधी इतिहास थोडक्यात. १७३७ मध्ये बाजीराव थेट दिल्लीच्या वेशीपर्यंत पोचले, तळ पडला होता तालकटोऱ्यापाशी. त्याच तालकटोरा स्टेडियममध्ये फेब्रुवारी २०२५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, अध्यक्ष तारा भवाळकर, आणि दिल्लीत त्याआधीचं संमेलन झालं होतं १९५४ ला, लक्ष्मणशास्त्री जोशींच्या अध्यक्षतेखाली. मधे सत्तर वर्षं गेली हे मात्र बरं नाही झालं.

१७६० मध्ये पानिपतच्या आधी सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली, फौजेच्या पगाराला पैसा नव्हता म्हणून लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्याची नाणी पाडली. हे सांगायला लोक कचरतात, मला वाटतं सांगावं, कारण फौज किती तंगीत होती ते याच्याइतकं दुसऱ्या कशातून कळत नाही. मग पानिपत झालं आणि सगळं संपलं असं आपण धरून चालतो. पण दहाच वर्षांनी, १७७१ मध्ये, महादजी शिंद्यांच्या फौजेने दिल्ली परत घेतली, इंग्रजांच्या आसऱ्याने अलाहाबादला बसलेला बादशाह शाह आलम १७७२ च्या जानेवारीत मराठ्यांच्या बळावर आपल्या गादीवर येऊन बसला. १७८८ ला रोहिला सरदार गुलाम कादिरने त्याचे डोळे काढले तेव्हाही दिल्ली सोडवली ती महादजींच्याच फौजेने. हा ताबा सुटला ११ सप्टेंबर १८०३ ला, यमुनेपलीकडे पटपडगंजच्या लढाईत जनरल लेकने शिंद्यांची फौज हरवली तेव्हा. म्हणजे इंग्रजांनी दिल्ली घेतली ती मुघलांकडून असं आपण सर्रास म्हणतो ना, ते खरं नाही, बादशाह नावाला होता, लढाई मराठ्यांशी झाली.

आता बघायचं काय, तर उत्तर दिल्लीत रिजवर, म्हणजे तिथल्या टेकडीवर जा. तिथं हिंदूराव हॉस्पिटल आहे, दिल्लीकर रोज ते नाव घेतात आणि हिंदूराव कोण ते फार थोड्यांना माहीत असतं. हे कागलच्या घाटगे घराण्यातले, बायजाबाई शिंद्यांचे भाऊ, म्हणजे महादजींनंतर गादीवर आलेल्या दौलतरावांचे मेव्हणे. विल्यम फ्रेझर या इंग्रज अधिकाऱ्याचा १८३५ मध्ये खून झाला, त्यानंतर त्याची टेकडीवरची कोठी हिंदूरावांनी घेतली, पुढे १८५७ ला इंग्रजांची मुख्य चौकी याच घरात होती. जवळच अशोकाचा स्तंभ उभा आहे, फिरोजशाह तुघलकाने मेरठहून आणलेला, मधे स्फोटात त्याचे पाच तुकडे झाले होते ते १८६७ मध्ये जोडून उभे केले. अशोक, तुघलक, कागलचे घाटगे आणि १८५७, सगळं चालत जाण्याच्या अंतरात, आणि तिथं गर्दी अजिबात नसते, पर्यटक सगळे लाल किल्ल्याकडे.

प्रश्न : दिल्लीला मुख्यमंत्री आहे, विधानसभा आहे, मग पोलीस केंद्राकडे का?

कारण दिल्ली पूर्ण राज्य नाही. १९५२ मध्ये तिला विधानसभा मिळाली होती, चौधरी ब्रह्मप्रकाश पहिले मुख्यमंत्री, पण १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ती गेली आणि दिल्ली सरळ केंद्रशासित झाली. १९६६ ला महानगर परिषद आली, तिला सल्ला देण्यापलीकडे फारसे अधिकार नव्हते. मग १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीने दिल्लीला पुन्हा विधानसभा देणारं कलम २३९कक आलं, १९९३ मध्ये ७० जागांची निवडणूक झाली. पण पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि जमीन हे विषय केंद्राकडेच राहिले. अधिकाऱ्यांच्या बदल्या कोण करणार यावर २०२३ च्या मे मध्ये सुप्रीम कोर्टाने निवडून आलेल्या सरकारच्या बाजूने निकाल दिला, आणि त्याच वर्षी संसदेने कायदा करून तो फिरवला.

संसद, दूतावास, राष्ट्रपती भवन यांची सुरक्षा केंद्राने बघावी हे पटतं. पण २०११ च्या जनगणनेतच इथं १ कोटी ६७ लाख लोक होते, नरेलाच्या गल्लीतल्या चोरीसाठीही जाब गृहमंत्रालयाला विचारायचा ही व्यवस्था मला चुकीची वाटते. सरकारी नवी दिल्लीचा पट्टा तर नगरपालिका परिषदेकडे वेगळा आहेच, तिचा अध्यक्ष केंद्र नेमतं, मग तेवढ्यापुरते पोलीस केंद्राकडे ठेवून बाकीचे दिल्ली सरकारला द्यायला काय हरकत आहे?

प्रश्न : मुलांना घेऊन जातोय, किल्ले-मकबरे सोडून काय दाखवू?

जुनं संसद भवन, ज्याला आता संविधान सदन म्हणतात, ते बाहेरून का होईना दाखवा. संविधान सभा ९ डिसेंबर १९४६ ला तिथंच पहिल्यांदा बसली, आणि १९५० पासून १९५८ पर्यंत आपलं सुप्रीम कोर्टही याच इमारतीत, राजेरजवाड्यांसाठी बांधलेल्या दालनात भरायचं, हे मुलांना सांगा, त्यांना मजा वाटते. मग राष्ट्रीय संग्रहालय, मोहेंजोदडोची कांस्य नर्तकी तिथं आहे, मूर्ती जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे त्यामुळे शोधावी लागते. संध्याकाळी मंडी हाऊसला जा, साहित्य, संगीत नाटक आणि ललित कला या तिन्ही अकादम्या तिथं रवींद्र भवनात, आणि शेजारी राष्ट्रीय नाट्य विद्यालय, एखादं नाटक मिळालं तर बघाच. सोमवार धरू नका, संग्रहालय बंद असतं, आणि राष्ट्रपती भवन आतून बघायचं असेल तर बुकिंग आधीच ऑनलाइन करून ठेवा.