मुलीच्या मैत्रिणीची सुट्टी

ब्रिटनमधील एका भगिनींनी कळवले आहे की, त्यांच्या मुलीची सोमाली वर्गमैत्रीण उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीकडे जाणार असून, तिथे ‘मोठी झाल्याचा समारंभ’ होणार असल्याचे तिने सांगितले आहे. हा त्यांच्या घरचा प्रश्न, आपण त्यात पडावे का, असे त्या विचारतात.

ताई, पडावे, आणि तेही विमान सुटण्याआधी. समारंभ म्हणजे मुलीची सुंता, म्हणजे बाह्य जननेंद्रियाचा भाग कापणे, असेच नव्हे. परंतु सोमालियात 15 ते 49 वयोगटातील सुमारे 99 टक्के स्त्रियांची सुंता झालेली आहे आणि परदेशी राहणाऱ्या मुलींची ती बहुधा लांब सुट्टीत केली जाते, कारण शाळा उघडेपर्यंत जखम भरून येते. तिथे पूर्वापार रूढ असलेल्या प्रकारात अवयव कापून उरलेली कातडी जवळजवळ पूर्ण शिवून टाकतात. लघवी, पाळी, शरीरसंबंध आणि बाळंतपण या प्रत्येक वेळी ती स्त्री ते दुखणे नव्याने सोसते.

ही चाल इस्लामपूर्व काळापासूनची आहे. कुराणात तिचा उल्लेख नाही आणि इजिप्तमधील कॉप्टिक ख्रिस्ती कुटुंबांतही ती आढळते. तिच्या मुळाशी कौमार्याची आणि लग्नाची चिंता आहे. जिची सुंता झाली नाही तिला स्थळ मिळणार नाही, या भीतीपोटी स्वतः ते भोगलेली आईच मुलीला धरून बसते. म्हणून त्या माउलीला क्रूर समजू नका. आपल्याकडेही दाऊदी बोहरा समाजातील अनेक स्त्रिया लहानपणीच्या खतन्याविषयी, म्हणजे सुंतेविषयी, आता उघडपणे बोलू लागल्या आहेत. तेव्हा हे परक्यांचे प्रकरण म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार आपल्याला नाही.

तरीही त्या मैत्रिणीच्या आईला थेट विचारू नका, कारण घरच्यांना संशय आल्यास प्रवास लवकर होऊ शकतो. शाळेतील बालसुरक्षा पाहणाऱ्या शिक्षकांना किंवा एनएसपीसीसी या ब्रिटनमधील बालसंरक्षण संस्थेच्या मदतवाहिनीला आजच सांगा. प्रवास एक-दोन दिवसांवर असेल तर थेट पोलिसांना. तिथल्या 2003 च्या सुंताविरोधी कायद्यानुसार मुलीला परदेशी नेऊन सुंता करवणे हाही गुन्हा असून त्यासाठी 14 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. 2015 पासून न्यायालय संरक्षण आदेश देऊन पासपोर्टही जमा करून घेऊ शकते. खात्री करण्याचे काम त्यांचे आहे, आपण पुरावा गोळा करायचा नाही.

आपल्या मुलीला मात्र जवळ घेऊन सांगा की तिने चहाडी केलेली नाही, आणि ही गोष्ट वर्गात कुणापाशीही बोलायची नाही.