रील बघून पर्यावरणाची आस्था वाढते का?

तुमचा प्रश्न असा आहे: तरुण मुलं हवामानबदलाचे व्हिडिओ बघतात, पुढे पाठवतात, पण त्यांची वृत्ती त्याने बदलते का, की प्रत्यक्ष कामात उतरल्यावरच बदलते? प्रकल्पासाठी तुम्हाला याची पाहणी करायची आहे.

अशा मुलांच्या गटांबरोबर बरीच वर्षं काम करतोय, त्यावरून सांगतो. व्हिडिओंनी काळजी वाढते, पण काळजीचा तुटवडा मुळात नाहीच. 2021 मध्ये ‘लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ’ या संशोधनपत्रिकेत 10 देशांतल्या 16 ते 25 वयाच्या 10,000 जणांची पाहणी आली. त्यातले 59 टक्के हवामानबदलाने फार किंवा अतिशय धास्तावलेले होते. या धास्तीला करण्यासारखं काही मिळालं नाही, तर मुलं हताश होतात नाहीतर विषयच टाळायला लागतात.

फोन हे कामाचं हत्यार झालं की मात्र चित्र पालटतं. आयनॅचरलिस्टवर (प्राणी-वनस्पतींचे फोटो टाकून इतरांकडून ओळख पटवून घ्यायचं ॲप) एखादी मुलगी कोळ्याचा फोटो टाकते. कुणी अनोळखी जाणकार विचारतो, ‘पोटाची बाजू दिसेल असा फोटो आहे का?’ दुसऱ्या दिवशी ती त्याच झुडपापाशी उकिडवी बसलेली असते. ओळख पटली की नोंद संशोधनाला चालण्याजोगी ठरते. पुढे त्या जागेवर बांधकाम येणार असं कळलं, तर हरकत नोंदवायला तिच्याकडे भावनेपलीकडचं काहीतरी असतं. माझ्या मते वृत्ती पक्की होते ती इथे, आपल्या म्हणण्याची कुणीतरी दखल घेतली की.

सहभाग म्हणजे फलक धरून फोटोपुरतं उभं राहणं नव्हे, हेही बघा. बालसहभागाचे अभ्यासक रॉजर हार्ट यांनी 1992 मध्ये मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. त्यातल्या खालच्या तीन पायऱ्यांना ते सहभाग मानतच नाहीत. (मोठ्यांचे निम्मे उपक्रम तिथेच अडकतात, असं माझं मत.) शाळकरी ग्रेटा थुनबर्ग 2018 मध्ये आधी हवामानबदलासाठी स्वीडनच्या संसदेबाहेर जाऊन बसली, मग समाजमाध्यमांनी ती बातमी जगभर नेली. हा क्रम विसरू नका.

तुमच्या पाहणीत मोठी मेख आहे. ज्यांना मुळातच आस्था असते तेच असली खाती फॉलो करतात, त्यामुळे आधी काय आणि नंतर काय हे एका प्रश्नावलीतून कळत नाही. त्याच मुलांना सहा महिन्यांनी पुन्हा गाठा. ‘रोज किती तास मोबाइल?’ यापेक्षा ‘गेल्या महिन्यात कुठल्या बैठकीला गेलात, कुणाला पत्र लिहिलंत, उत्तर आलं का?’ हे विचारा.