‘भावना दुखावल्या’: कुणी घोटल्या?

प्रश्न असा आला आहे: ‘भावना दुखावणे’ हा इंग्रजीचा तर्जुमा आहे का? आणि ‘भावनिक’ बरोबर की ‘भावनात्मक’?

रोज संध्याकाळी बातम्यांत कुणाच्या तरी भावना दुखावलेल्या असतात. ऐकून ऐकून माझे कान दुखावले आहेत. पण हा निव्वळ तर्जुमा आहे म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांचं मला पटत नाही. दुखावणं आपलंच आहे. ‘त्याचं मन दुखावलं’ हे आपली आजीही म्हणायची. इंग्रजीचा हात लागला तो अनेकवचनाला. 1860च्या दंडसंहितेत, कलम 298 मध्ये, धार्मिक भावनांना ‘वूंड’ करणं आलं, म्हणजे जखमच. 1927 साली 295-अ जोडलं गेलं, तिथे शब्द त्याहून कडक, ‘आउटरेज’. शिवाय ‘जाणूनबुजून आणि दुष्ट हेतूने’ ही अट. मराठी बातमीने दोन्हींचं केलं ‘दुखावणे’, आणि अट टाकली खाऊन. मन दुखावलं तर माणूस घरी येऊन समजूत काढायचा. भावना दुखावल्या की थेट पोलीस ठाणं.

असो. खरी गंमत ‘भावना’ या शब्दातच आहे. ‘भू’ म्हणजे होणं, त्यातून ‘भाव’. ‘भावना’ मात्र प्रयोजकातून येते, ‘भावयति’वरून: व्हायला लावणं, घडवून आणणं. करणं आणि करवणं यांत जो फरक, तोच इथे. वेदवाक्यांचा अर्थ लावणारे मीमांसक क्रियापदातल्या घडवून आणण्याच्या जोराला भावना म्हणतात. इगतपुरीला विपश्यनेला जाऊन आलेल्यांना मेत्ता-भावना, म्हणजे मैत्रीची भावना, ठाऊक असते. तीही मुद्दाम जोपासायचीच गोष्ट.

आणि वैद्यांची भावना! लहानपणी आमच्या गल्लीतल्या वैद्यांकडे मी तासन्‌तास ती बघत बसे. आवळ्याचं चूर्ण खलात घ्यायचं, ते पुरतं भिजेल एवढा ताज्या आवळ्याचा रस ओतायचा आणि रस जिरेपर्यंत घोटायचं. सुकलं की पुन्हा रस, पुन्हा घोटणं. ही एक भावना झाली, ही दुसरी. आमलकी रसायनाला अशा एकवीस देतात. शेवटी हाती पूडच राहते, पण चिमूटभर जिभेवर ठेवली तर डोळे मिटतात.

कोशकार हा अर्थ ‘वैद्यकात’ असं लिहून तळाशी ढकलतात, जणू मनातल्या भावनेशी त्याचा काही संबंधच नाही. मला हे साफ अमान्य आहे. धातू एक, प्रयोजक एक, मग अर्थांत सोयरसुतक का नसावं? ‘लोकभावना’ हा शब्द मला म्हणूनच फार प्रामाणिक वाटतो. मतदारसंघाच्या खलात तीच जुनी पूड, सभेसभेला तोच रस. आणि नेते म्हणतात, ‘लोकभावनेचा आदर केला पाहिजे’! अहो, बत्ता तुमच्याच हातात आहे की. एखाद्या नावाच्या पाटीवरून गाव पेटलं की मी विचारतो, ही कितवी भावना? लोक माझ्याकडे विचित्र नजरेने बघतात.

‘माझी अशी भावना आहे की...’ म्हणजे समजूत, हा अर्थ वेगळा; त्यात आत्ता शिरत नाही.

हां, ‘भावनिक’ की ‘भावनात्मक’. दोन्ही चालतात. ‘भावनीक’ मात्र नको, ‘नि’ ऱ्हस्वच.