मिक्सर वेगळाच आला आणि विक्रेता म्हणतो "नॉन-रिटर्नेबल": आता काय करायचं?

तुम्ही लिहिलंय की घणसोलीच्या पत्त्यावर 750 वॅटचा मिक्सर मागवला आणि आला त्याच कंपनीचा 500 वॅटचा. ॲपवर तक्रार केली तर उत्तर मिळालं, "ही वस्तू नॉन-रिटर्नेबल आहे, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा." तर आता पैसे गेलेच समजायचे का?

अजिबात नाही. ती अट तुमचा विचार बदलला तर लागू होते: रंग आवडला नाही, तीच वस्तू दुकानात स्वस्त दिसली, असं काही. विक्रेत्यानेच भलती वस्तू पाठवली असेल तर त्याला त्या अटीच्या आड लपता येत नाही. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीत दिलेल्या वर्णनाशी न जुळणारा असेल तर तो परत घ्यायला आणि पैसे द्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. चॅटवर, मेलवर, फोनवर, सगळीकडे हाच मुद्दा धरून राहा.

आणि सर्व्हिस सेंटरच्या वाटेला जाऊच नका. मिक्सर बिघडलेला नाही. तिथला माणूस तपासून "मशीन व्यवस्थित चालू आहे" असं लिहून देईल, आणि तोच कागद उद्या तुमच्यासमोर नाचवतील.

आधी पुरावा नीट जमवा. मिक्सर उलटा करा. तळाला चिकटवलेल्या पट्टीवर मॉडेल नंबर आणि वॅट छापलेले असतात. ॲपमधून इन्व्हॉइस डाउनलोड करा आणि दोन्ही एकाच फोटोत येतील असा फोटो काढा. खोक्यावरचं लेबल फाडू नका. त्यावर विक्रेत्याचं नाव, पत्ता, कुरिअरचा ट्रॅकिंग नंबर आणि बऱ्याचदा पार्सलचं वजनही असतं. मागवलेल्या मॉडेलच्या वजनाशी ते जुळत नसेल तर चूक पॅकिंगच्या वेळीच झाली हे दिसून येतं. पार्सल वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवलं होतं का? मग सोसायटीच्या रजिस्टरमधल्या नोंदीचाही फोटो घ्या. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नसेल तर घाबरू नका. असला तर उत्तमच, पण तो नसला तर तक्रारच करता येत नाही असं कायद्यात कुठेही नाही. मिक्सर मात्र वापरू नका, एकदा चटणी वाटून बघायलाही नको.

तक्रार नोंदवताना कारण "चुकीची वस्तू मिळाली" हेच निवडा. "आता नको आहे" किंवा "वस्तू चालत नाही" यावर बोट पडलं की प्रकरण भलत्याच रांगेत जातं.

आता खरी मेख. याबद्दल कोणी आधी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आम्ही वर्तकनगरला राहतो. आईसाठी दंडाला पट्टा बांधायचं बीपीचं मशीन मागवलं होतं, आलं मनगटावरचं. रिटर्न मंजूर झालं, पिकअपला मुलगा आला, त्याने मोबाइलमधला फोटो पाहिला, हातातली वस्तू पाहिली आणि म्हणाला, "सर, हे मॅच होत नाही, मला घेता येणार नाही." त्याच्या ॲपमध्ये आम्ही मागवलेल्या मशीनचा फोटो होता. म्हणजे जी वस्तू आम्हाला मिळालीच नाही, तीच परत मागत होते! मुलाचा काही दोष नव्हता. न जुळणारी वस्तू उचलली तर त्यालाच उत्तर द्यावं लागलं असतं. पण रिटर्न रद्द झालं आणि ॲपवर कारण दिसलं की ग्राहकाने वस्तू दिली नाही. हेच चक्र पुन्हा एकदा फिरलं. मला याची अजूनही चीड येते, कारण एकटी राहणारी म्हातारी माणसं इथेच कंटाळून सोडून देतात.

यावर उपाय आहे. पिकअप ठरायच्या आधी कस्टमर केअरकडून लेखी घ्या की प्रत्यक्ष मिळालेली वस्तू अमुक मॉडेलची आहे आणि पिकअप त्याच वस्तूचं होईल. मुलगा आला की तो मेसेज त्याला दाखवा. तरीही त्याने नकार दिला तर त्याच्याशी हुज्जत न घालता तिथल्या तिथे चॅट उघडून वेळेसकट लिहा, "पिकअपला माणूस आला होता, मी वस्तू देत होतो, त्याने नेली नाही." आमचं काम या एका वाक्याने झालं.

तरी दाद लागली नाही तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल करा. त्याचं नाव आणि संपर्क वेबसाइटवर देणं सक्तीचं आहे. त्याने 48 तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा, असं त्याच ई-कॉमर्स नियमांत आहे. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, 1915. मराठीत बोलता येतं. ते कंपनीला आदेश देऊ शकत नाहीत, पण तक्रार पुढे पाठवतात, आणि बऱ्याच कंपन्या तेवढ्यानेच हलतात.

शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तुम्ही राहता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. घणसोली ठाणे जिल्ह्यात येते. (खारघर, कामोठ्याचे वाचक असतील तर लक्षात ठेवा, पत्ता नवी मुंबईचा असला तरी तुमचा जिल्हा रायगड.) पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, ई-जागृती पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. एका मिक्सरसाठी एवढं करावं का? माझ्या मते आधी मेलमध्ये स्पष्ट लिहा की अमुक तारखेपर्यंत पैसे आले नाहीत तर आयोगात जाणार. आणि लिहिलंत तर खरंच जा.

या सगळ्या धावपळीत एक धोका आहे. कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधू नका, फक्त ॲपमधलाच वापरा. रिफंडसाठी कोणी लिंक पाठवली, स्क्रीन शेअर करायला सांगितली किंवा यूपीआय पिन टाकायला लावला तर फोन ठेवा. पैसे मिळायला पिन कधीच लागत नाही. फसवणूक झालीच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा.

पैसे परत देताना कंपनीवाले कूपन किंवा ॲपच्या वॉलेटचा पर्याय पुढे करतील. ज्या खात्यातून पैसे गेले त्याच खात्यात मागा, आणि रक्कम प्रत्यक्ष जमा होईपर्यंत तक्रार "सोडवली" म्हणून बंद करू देऊ नका.